दीडशे पास्कल

रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
एक्स-रेची रांग जिथे संपते, तिथे माझी खोली.
दारावर पाटी : नासिका श्वासमापन.
खाली कुणीतरी पेनने : चपला बाहेर.

दिवसाला आठ नाकं.
बसकी, बाकदार, चाफेकळी,
गल्लीतल्या क्रिकेटमध्ये मोडून स्वतःच्याच मर्जीने सांधलेली,
आयुष्यभर सरळ समोर चाललेली,
आणि दुसऱ्याच्या कारभारात खुपसून खुपसून लांबलेली.
यंत्राला सगळी सारखी.
ते दोनच गोष्टी विचारतं :
जोर किती लावला? हवा किती आली?

आज करडे. दिगंबर करडे, वय बासष्ट, तांबट आळी.
बरोबर बायको.
"घोरतात त्याचं काही नाही हो," ती म्हणाली,
"थांबतात. मधेच थांबतात. मग मी मोजत बसते."
मी फॉर्मवर त्याचा रकाना शोधला.
नव्हता.

डाव्या नाकपुडीला चिकटपट्टी, पट्टीतून नळी, वरून मास्क.
"तोंड बंद. नेहमीसारखा श्वास घ्या."
अकरा वर्षं मी हे वाक्य म्हणते आहे
आणि त्यानंतर नेहमीसारखा श्वास
एकाही माणसाने घेतलेला नाही.
वर्गात साहेब तपासणीला आल्यासारखा घेतात,
फोटोसाठी पोट आत ओढल्यासारखा घेतात.
म्हणून पहिले वीस मी पुसून टाकते.

एकविसावा खरा होता.
हिरवी रेघ चढू लागली, जोर तशी हवा,
जोर तशी हवा,
आणि मग एका जागी आडवी झाली.
करड्यांनी आणखी ओढलं.
मानेच्या शिरा टरारल्या,
रेघ सपाट, सासवडकडे घाट चढून गेल्यावर
रस्ता होतो तशी.
मास्कच्या काचेतून मला दिसत होती
उजव्या नाकपुडीची कड
आत, पडद्याला जाऊन चिकटलेली.

"जोर कमी करा, काका."
"कमी केला तर येईल कशी?"
"करताय म्हणूनच मिटतंय."

ते बोलले नाहीत.
मास्क काढून पडद्यावरची रेघ बघितली,
मग अंगठ्याने नाकाची बाजू दाबून पाहिली, सोडली,
पुन्हा दाबली, जशी दुकानात मालाची जाडी बघावी.
"पत्रा पातळ पडलाय," म्हणाले. "पोचतोय."

आणि मग, मी न विचारता :
"हंड्याला आम्ही ओळीने ठोके देतो ना, माठार म्हणतात त्याला.
गिऱ्हाइकाला नक्षी वाटते.
नक्षी कसली! मार खाल्ला की तांबं ताठ होतं.
नाहीतर पाणी भरल्याबरोबर पोट सोडेल.
डॉक्टरांना विचारा, आतून चार ठोके बसतात का."

मी हसले. नंतर वाटलं, हसायला नको होतं,
ऑपरेशनचं मला जे माहीत आहे
ते याहून फार वेगळं नाही.

फवारा. दहा मिनिटं थांबा.
खिडकीतून दारूवाला पुलाकडचे हॉर्न,
खाली कुणाची तरी मिरची परतली जात होती,
आम्ही तिघंही एकदमच शिंकलो.
पुन्हा पट्टी, पुन्हा नळी.
डावी मोकळी झाली, उजवी जिथल्या तिथे.
म्हणजे सूज नव्हे. बांधणीच.
मी लिहिलं : दीडशे पास्कलला
डावीकडून दोनशे दहा, उजवीकडून साठ.

"आणि ते थांबतात ते?" बायकोने विचारलं.
ते या यंत्रात येत नाही, मी म्हटलं,
झोपेची तपासणी वेगळी असते, तारीख घ्यावी लागेल.
"बावीसपर्यंत गेलंय," ती म्हणाली. "परवा रात्री.
कितीला उठवायचं असतं?"

मला ठाऊक नव्हतं.
आकडा किती झाल्यावर लाल करायचा
हे माझ्याकडे सगळं छापील आहे, उजव्या-डाव्या नाकपुडीचं.
मी म्हटलं, डॉक्टरांशी बोला,
आणि रिपोर्टच्या समासात पेन्सिलीने लिहिलं :
पत्नी मोजते. बावीस.

ते पुढे उतरले, कठड्याला धरून.
ती मागून, एक पायरी ठेवून.
तिचे ओठ हलत होते.
पायऱ्या मोजत असेल.